शिरोलीतील फाउंड्रीचे ईमेल आणि ऑफिसच्या फायली क्लाउडवर नेताना: प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२४, बुधवार

मार्चअखेरची धावपळ संपली आणि आज संचालकांच्या बैठकीत कंपनीचे ईमेल, वर्ड-एक्सेलच्या फायली व सामायिक फोल्डर क्लाउडवर नेण्यास मंजुरी मिळाली. कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझ्यानंतर हे काम ज्याच्याकडे येईल त्याला कोणता निर्णय कशासाठी घेतला हे समजावे, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

बैठकीत मी दोन प्रसंग मांडले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा कोल्हापूर शहरात राहणारे आमचे निम्म्याहून अधिक कर्मचारी नदीच्या पलीकडे अडकले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा कारखान्यात पाणी शिरले नाही, पण ग्राहकांशी झालेला सारा पत्रव्यवहार कार्यालयातल्या टेबलांवरच्या संगणकांत असल्याने घरी बसलेल्या माणसाला कोणत्या ऑर्डरचे काय ठरले होते हे सांगता येईना. दुसरा प्रसंग गेल्या वर्षीचा आहे. एका ग्राहकाने पंप केसिंगच्या ड्रॉइंगचे नवे रिव्हिजन पाठवले होते. ते ज्याच्या मेलवर आले तो सहकारी रजेवर होता, त्याचा संगणक बंद होता आणि आम्ही जुन्या रिव्हिजनप्रमाणे एक संपूर्ण लॉट ओतला. तो सगळा माल पुन्हा भट्टीत घालावा लागला. या दोन्ही वेळी यंत्र बिघडलेले नव्हते. कंपनीची पत्रे एकेका माणसाच्या संगणकात कोंडलेली होती, हाच दोष होता आणि तो दूर करण्यासाठीच हा प्रकल्प आहे.

६ एप्रिल २०२४, शनिवार

सध्या काय आहे याची मोजदाद दोन दिवस केली. आमची मेलसेवा वेबसाइटच्या होस्टिंगसोबत, म्हणजे वेबसाइट ठेवण्यासाठी घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरसोबत, मिळालेली आहे. संगणकावरचा मेलचा प्रोग्राम आउटलुक पॉप पद्धतीने मेल उतरवून घेतो आणि काही दिवसांनी सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतो. त्यामुळे होस्टिंगवर फक्त अलीकडची मेल सापडते आणि मागची दहा-बारा वर्षे प्रत्येकाच्या संगणकातील पीएसटी फायलींत (आउटलुक ज्यात मेल साठवतो त्या फायलींत) आहेत.

एकूण ३४ मेल-पत्ते निघाले, पण ते वापरणारी माणसे ३१ भरली. उरलेले तीन पत्ते विक्री, डिस्पॅच आणि खरेदी यांचे असून प्रत्येकाचा पासवर्ड चार-पाच जणांना ठाऊक आहे. डिस्पॅचचा पासवर्ड तर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला होता आणि त्याखाली तीन जुने पासवर्ड खोडलेले दिसत होते. मी त्याबद्दल कुणाला बोललो नाही. एकच पत्ता चौघांनी वापरायचा असेल तर आजवर त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

हिशेब विभागातील एका संगणकावर आउटलुकच्या अगदी जुन्या प्रकारची पीएसटी फाइल मिळाली. त्या प्रकारच्या फाइलला २ जीबीची मर्यादा असते आणि ही फाइल त्या मर्यादेला टेकून बिघडली होती. आउटलुकसोबत येणाऱ्या दुरुस्तीच्या साधनाने ती उघडली, तेव्हा २००९ पासूनचा बँकेशी झालेला पत्रव्यवहार हाती आला. दुरुस्ती करण्याआधी फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली होती. हा क्रम पुढेही मोडू नये.

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार

पाडव्याच्या सुट्टीनंतर उत्पादनाची निवड पक्की केली. झोहो, गूगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या तिन्हींची चाचणी खाती घेऊन आमच्याच फायली त्यांत उघडून पाहिल्या. मेलच्या बाबतीत आमच्या आकाराच्या कंपनीला तिन्हींपैकी कोणतीही सेवा पुरली असती. निर्णय झाला तो कॉस्टिंगच्या एक्सेल फाइलवर. कच्चे लोखंड, स्क्रॅप, सिलिकॉन, वीज आणि रिजेक्शनचे प्रमाण घालून किलोमागे दर काढणारी ती फाइल मॅक्रोवर (फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर) चालते, आणि एक्सेलचे मॅक्रो ब्राउझरमध्ये चालत नाहीत. म्हणून आपण मायक्रोसॉफ्ट ३६५ घेत आहोत: २२ जणांना बिझनेस बेसिक, ज्यात ब्राउझरमधले वर्ड-एक्सेल आणि ५० जीबीचा मेलबॉक्स मिळतो, आणि कॉस्टिंग, डिझाइन व हिशेब विभागातील ९ जणांना बिझनेस स्टँडर्ड, ज्यात संगणकावर बसवायचे पूर्ण ऑफिसही येते. आजही अनेकांकडे असलेल्या ऑफिस २०१० ला ऑक्टोबर २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे ते कधी ना कधी बदलावेच लागणार होते.

खाते उघडताना देश म्हणून भारत निवडला. ही निवड नंतर बदलता येत नाही आणि माहितीचा साठा कोणत्या प्रदेशातील केंद्रांत राहील हे तिच्यावरून ठरते, म्हणून तो रकाना भरताना मी हिशेब प्रमुखांना शेजारी बसवून घेतले. मायक्रोसॉफ्टची भारतातील केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे २०१५ पासून चालू आहेत. सनदी लेखापालांनी एक गोष्ट बजावली: कंपनी लेखे नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबपुस्तकांची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घ्यावी लागते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा या प्रकल्पात हलवायचा नाही. तो कार्यालयातील सर्व्हरवर जसा आहे तसाच राहील आणि त्याची रोजची प्रतही आजच्यासारखीच घेतली जाईल.

१८ एप्रिल २०२४, गुरुवार

प्रकल्प आज अडला आहे. मेल नव्या सेवेकडे वळवायची तर डोमेनच्या, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरील नावाच्या, डीएनएस नोंदी (त्या नावाची मेल आणि वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदी) बदलाव्या लागतात, आणि त्यासाठी डोमेन ज्या खात्यात आहे त्या खात्यात शिरता आले पाहिजे. चौकशीत कळले की आमचे डोमेन अनेक वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून देणाऱ्या व्यावसायिकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मेल-पत्त्यावर नोंदवले होते. दरवर्षी बिल आम्ही भरत आलो आणि ते आमचेच आहे असे समजत आलो. तो व्यवसाय आता बंद झाला असून दूरध्वनी लागत नाही.

ग्राहकाच्या चलनावर, टेस्ट सर्टिफिकेटवर आणि गेटवरच्या पाटीवर छापलेले नाव कागदोपत्री आपल्या ताब्यात नाही, ही गोष्ट मला रात्रभर सलत राहिली. जमीन खरेदी करताना सातबारा पाहिल्याशिवाय कुणी सही करत नाही. डोमेनचा उतारा मात्र आमच्यापैकी कुणी एकदाही पाहिला नव्हता.

२४ एप्रिल २०२४, बुधवार

त्या व्यावसायिकांचा पत्ता जुन्या बिलांवरून मिळाला. आमचे खरेदी अधिकारी आणि मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी अडवणूक केली नाही. घरच्या संगणकावरून खाते उघडून आमच्यासमोरच डोमेन कंपनीच्या नावाने उघडलेल्या नव्या खात्यात वळते केले. खात्याचा संपर्क म्हणून कुणा एका व्यक्तीचा पत्ता न देता दोन संचालक आणि मी अशा तिघांना पोहोचणारा पत्ता दिला आहे, तोही आमच्या डोमेनबाहेरचा, कारण डोमेनच बंद पडले तर त्यावरचा पत्ता उपयोगाचा राहत नाही. मुदत संपण्याची तारीख लेखा विभागाच्या दिनदर्शिकेत विम्याच्या हप्त्यांशेजारी लिहिली.

२९ एप्रिल २०२४, सोमवार

साप्ताहिक सुट्टी असल्याने कार्यालयात मी एकटाच होतो. जुनी मेल चढवण्याचे काम आज सुरू केले. सर्व पीएसटी फायली मिळून सुमारे १८० जीबी भरल्या. आमच्या लाइनवर वर चढवण्याचा वेग २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) आहे, म्हणजे १ जीबीला किमान ४०० सेकंद आणि सगळ्याला सलग २० तास लागतील. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट धरावे. दिवसा हे काम चालवले तर इतरांचे इंटरनेट गुदमरेल, म्हणून रात्री आठ ते सकाळी सात अशीच वेळ ठेवली आहे.

होस्टिंगवर उरलेली अलीकडची मेल आयमॅप पद्धतीने (सर्व्हरवरची मेल तिथेच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने) थेट ओढता येते. त्या पद्धतीने फक्त मेल येते, पत्त्यांची यादी आणि कॅलेंडर येत नाही; ती प्रत्येकाच्या आउटलुकमधून वेगळी काढावी लागेल. ३५ एमबीपेक्षा मोठी मेलही त्या वाटेने येत नाही. आमच्याकडे अशा सात निघाल्या, सर्व पॅटर्नच्या (साचा बनवण्याच्या नमुन्यांच्या) छायाचित्रांच्या; त्या हाताने उतरवून घेतल्या.

४ मे २०२४, शनिवार

ज्या अडचणीचा मी अंदाज धरला नव्हता ती मराठी फायलींची निघाली आणि या आठवड्याचा बहुतेक वेळ तिनेच घेतला.

कारखान्यातील कार्यसूचना, सुरक्षेच्या पाट्या, रजेचे अर्ज आणि सूचनाफलकावरच्या नोटिसा, अशा सुमारे ६०० फायली श्रीलिपी आणि त्या काळच्या इतर फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, फक्त त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे ‘साचा’ दिसतो आणि जिथे नाही तिथे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. फाइल क्लाउडवर चढवून ब्राउझरमध्ये उघडली की दुसरी गत होते. मोल्डिंग विभागाच्या सुपरवायझरांनी त्यांच्याच हाताने वर्षानुवर्षे सांभाळलेली सूचनापत्रे पडद्यावर अशी पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “साहेब, हे सगळं परत लिवायचं झालं तर माझी रिटायरमेंट याच्यातच जाईल,” असे ते म्हणाले.

परत लिहावे लागणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःची खूण देणाऱ्या जागतिक पद्धतीत, रूपांतर करणारी साधने आहेत. पण रूपांतरानंतर प्रत्येक फाइल माणसाने वाचलीच पाहिजे, हे पहिल्याच दिवशी पटले. ‘कर्मचाऱ्यांनी’ या शब्दातला ऱ जाऊन ‘कर्मचार्यांनी’ असा रफार आला; असे प्रत्येक ‘पायऱ्या’ आणि ‘सुऱ्या’चे झाले. ‘ॲप्रन’ हा शब्द रूपांतर करणाऱ्या साधनाने अ आणि त्यावर चंद्र अशा दोन खुणांनी लिहिला, तर आपण आज कीबोर्डवरून टंकतो तो ॲ ही एकच खूण आहे. ती २००८ मध्ये युनिकोडमध्ये आली. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, मात्र शोधाच्या चौकटीत ‘ॲप्रन’ टंकले तर जुन्या ४० फायलींपैकी एकही सापडत नाही. फायली शोधता याव्यात म्हणून क्लाउडवर नेतो आहोत, तेव्हा या एका खुणेसाठी सर्व फायलींवर बदलाची फेरी चालवली.

सर्वांत गंभीर चूक तापमानात सापडली. भट्टीजवळच्या एका सूचनापत्रात अंशाचे चिन्ह म्हणून आकड्याच्या वर लहान शून्य टंकलेले होते. रूपांतरात ते शून्य खाली उतरून इतर आकड्यांच्या रांगेत बसले आणि ओतण्याचे तापमान १४०० अंशांऐवजी १४००० झाले. हा आकडा इतका अशक्य आहे की भट्टीवरचा माणूस फसला नसता. पण त्याच पत्रकात वाळूच्या ओलाव्याचे आणि कोअर (साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) भाजण्याचे आकडेही आहेत, आणि तिथला फरक इतक्या सहज ध्यानात आला नसता. यापुढे आकडे असलेले प्रत्येक सूचनापत्र मूळ छापील प्रतीशेजारी ठेवून दोघांनी वाचायचे आणि दोघांनी सही करायची, असे ठरवले. सुपरवायझरांनी ते काम आपणहून अंगावर घेतले.

७ मे २०२४, मंगळवार

लोकसभेच्या मतदानाची सुट्टी. फक्त रात्रीची अपलोड तपासली. १८० पैकी १४६ जीबी चढले आहेत.

१२ मे २०२४, रविवार

आज मेल वळवली. जीएसटीआर-१ या जीएसटीच्या मासिक विवरणाची मुदत ११ तारखेला संपते आणि उद्या सोमवारची सुट्टी आहे, म्हणून हाच दिवस निवडला होता. एमएक्स नोंदीचा (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जगभरचे सर्व्हर जुना पत्ता किती काळ लक्षात ठेवतील तो अवधी, गुरुवारीच १४४०० सेकंदांवरून ३०० वर आणला होता. सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी एमएक्स बदलला. माझ्या घरच्या खात्यावरून चाचणीची मेल पाठवली. ६ वाजून १९ मिनिटांनी ती नव्या मेलबॉक्समध्ये दिसली. रात्री साडेदहापर्यंत प्रत्येक पत्त्यावर एकेक मेल पाठवून ३४ च्या ३४ ठिकाणी पोहोच मिळाल्याची खूण केली आणि मगच घरी निघालो.

१४ मे २०२४, मंगळवार

सकाळी साडेदहाला डिस्पॅचमधून तक्रार आली की दोन ट्रान्सपोर्टरांना गाडीचे तपशील मिळालेले नाहीत. दोघेही जीमेल वापरतात आणि आमची मेल त्यांच्या स्पॅममध्ये पडलेली होती.

चूक माझी होती. डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे हे सांगणारी एसपीएफ नोंद मी नव्याने घातली, पण जुन्या होस्टिंगची नोंद काढली नाही. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. दोन आढळल्या तर घेणारा सर्व्हर कोणतीच ग्राह्य धरत नाही आणि ती कायमची त्रुटी मानतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांची तपासणी अधिक कडक केली आहे, त्यामुळे अशा चुकीला आता सवलत मिळत नाही. दोन्ही नोंदींतील सर्व्हर एकाच नोंदीत आणले, डीकेआयएमची स्वाक्षरी (मेल खरोखर आमच्याच डोमेनची आहे हे पटवणारी डिजिटल खूण) आमच्या डोमेनच्या नावाने चालू केली आणि या तपासणीत न बसणाऱ्या मेलचे काय करायचे हे घेणाऱ्या सर्व्हरला सांगणारी डीमार्कची नोंद सध्या फक्त अहवाल मागवण्यापुरती ठेवली. दुपारनंतर मेल इनबॉक्समध्ये जाऊ लागली. दोन्ही ट्रान्सपोर्टरांना मी स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली; गाड्या अर्धा दिवस उशिरा लागल्या.

१७ मे २०२४, शुक्रवार

स्कॅन करून मेल पाठवणारा जुना झेरॉक्स नव्या सेवेला जोडता येत नव्हता, कारण त्याला टीएलएस १.२ (मेल सांकेतिक करून सुरक्षित पाठवण्याची पद्धत) येत नाही. कार्यालयाच्या स्थिर आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या न बदलणाऱ्या क्रमांकावरून) येणारी मेल स्वीकारण्याची वेगळी वाट करून दिली, आता चालतो. प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोमीटरचा (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचा) संगणक विंडोज ७ वर आहे आणि यंत्राचे सॉफ्टवेअर त्याहून नव्या विंडोजवर चालत नाही. त्या संगणकाला इंटरनेटच बंद केले. हीटचे, म्हणजे भट्टीतील एकेका वितळणीचे, निकाल शेजारच्या संगणकावरून पाठवले जातील.

२१ मे २०२४, मंगळवार

विक्री विभागाच्या लक्षात आले की वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून नऊ दिवसांत एकही मेल आलेली नाही. मेल येत होती, पण नव्या मेलबॉक्समध्ये नाही. वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर आहे आणि ते होस्टिंग आमच्या डोमेनची मेल अजून स्वतःकडचीच समजत होते, त्यामुळे एमएक्स न पाहता फॉर्मची मेल त्याच सर्व्हरवरच्या जुन्या मेलबॉक्समध्ये टाकत होते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मेलचे ठिकाण ‘लोकल’ वरून ‘रिमोट’ केले. तीन चौकश्या पडून राहिल्या होत्या, त्यांतली एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची, चांगल्या वजनाची. विक्रीप्रमुखांनी तिघांनाही आजच उत्तर दिले.

२५ मे २०२४, शनिवार

दोन टप्प्यांची ओळखपडताळणी सर्वांना सक्तीची केली. संगणकावर दोन अंकी आकडा दिसतो आणि तोच मोबाइलच्या ॲपमध्ये टंकायचा असतो. आपण लॉगिन करत नसताना मोबाइलवर विचारणा आली तर कोणताही आकडा न टंकता लगेच मला फोन करायचा. ही एक गोष्ट मी चार गटांत, प्रत्येकी तीन वेळा सांगितली.

हिशेब विभागासोबत वेगळी बैठक घेतली. पुरवठादाराच्या नावात ‘एम’ च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन रोमन अक्षरे शेजारी बसवून केलेला खोटा पत्ता पडद्यावर दाखवला. समोर बसलेल्या सात जणांपैकी एकालाही फरक ओळखता आला नाही. बँक खाते बदलल्याची मेल कुणाचीही असो, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असा लेखी नियम संचालकांच्या सहीने काढला.

११ जून २०२४, मंगळवार

डिस्पॅच, विक्री आणि खरेदीचे पत्ते आता सामायिक मेलबॉक्स झाले आहेत. ५० जीबीपर्यंत त्यांना वेगळे लायसन्स लागत नाही आणि त्यांना पासवर्डच नाही; ज्याला अधिकार दिला तो आपल्याच खात्यातून ते उघडतो, आणि कोणत्या मेलला कोणी उत्तर दिले हे चौघांनाही दिसते. मॉनिटरच्या कडेचा कागद डिस्पॅचच्या अण्णांनी स्वतः काढून माझ्याकडे आणून दिला.

ग्राहकांची ड्रॉइंग यापुढे एकाच पत्त्यावर मागवायची आणि ग्राहकवार फोल्डरमध्ये ठेवायची, असे सर्व ग्राहकांना कळवले. चालू रिव्हिजन वरच्या फोल्डरमध्ये, जुनी सर्व ‘रद्द’ या फोल्डरमध्ये. जुनी पुसायची नाहीत, कारण तक्रार आली तर त्या तारखेला कोणते ड्रॉइंग चालू होते हे दाखवावे लागते.

पुढच्या व्यक्तीसाठी दोन सूचना. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याचे लायसन्स काढण्याआधी त्याचा मेलबॉक्स सामायिक मेलबॉक्समध्ये बदलावा. नुसते लायसन्स काढले तर ३० दिवसांनंतर मेल जाते. आणि क्लाउड म्हणजे राखीव प्रत असे समजू नये. कचरापेटीतूनही काढलेली मेल मूळ रचनेत १४ दिवसच परत मिळते, सामायिक फोल्डरमधील पुसलेली फाइल ९३ दिवस. म्हणून महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत काढून ती कारखान्याबाहेर ठेवत आहोत.

२६ जुलै २०२४, शुक्रवार

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे. शहराकडून येणाऱ्यांना संचालकांनी कालच घरी थांबायला सांगितले. भट्टी कमी माणसांवर एका पाळीत चालू आहे.

सकाळी ११ वाजता पुण्याच्या ग्राहकाने एका हीटचे टेस्ट सर्टिफिकेट आणि ड्रॉइंगचे रिव्हिजन तातडीने मागितले. मेल डिस्पॅचच्या सामायिक मेलबॉक्समध्ये आली. ती अण्णांनी कसबा बावड्यातील घरी मोबाइलवर पाहिली, सर्टिफिकेट फोल्डरमधून काढले, रिव्हिजन डिझाइनच्या सहकाऱ्याकडून तपासून घेतले आणि ११ वाजून ३५ मिनिटांनी उत्तर पाठवले. मला ते उत्तर गेल्यावरच कळले. दुपारी त्यांचा फोन आला, तो पावसाबद्दल होता, बोलता बोलता त्यांनी विचारले, “साहेब, ते ‘रद्द’चं फोल्डर मोबाइलवर लाल रंगात दाखवता येईल काय? चुकून हात पडू नये म्हणून.” सामायिक साठ्यात फोल्डरला रंग देण्याची सोय आहे की नाही हे उद्या पाहतो, नसेल तर त्या फोल्डरचे नाव बदलून ‘वापरू नये - रद्द’ असे करायचे.